डॉनी हॅथवेची १९७२ची 'लाइव्ह': ऐकणारं कुणी आहे का इथे?

जुनी_तबकडी

गेले तीन आठवडे रोज रात्री जेवणं आवरली की एकच रेकॉर्ड लावतोय, म्हणून शेवटी धागा काढलाच. अमेरिकन कृष्णवर्णीय गायक डॉनी हॅथवे, 'लाइव्ह', १९७२, अ‍ॅटको कंपनी. सोल आणि फंक ऐकणारे इथे मोजकेच असतील, पण जे आहेत त्यांनी कृपया लिहा. ज्यांनी ऐकलेली नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगतो.

रेकॉर्डच्या दोन बाजू दोन वेगवेगळ्या शहरांतल्या आहेत. पहिली बाजू ऑगस्ट १९७१ची, लॉस एंजेलिसला लागून असलेल्या वेस्ट हॉलिवूडच्या ट्रूबडूर क्लबमधली. दुसरी ऑक्टोबर १९७१ची, न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या 'बिटर एंड'मधली. दोन्ही जागा लहान. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या सभागृहात गाणं ठेवलं की पुढच्या रांगेतला माणूस गवयाच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर असतो ना, तसा प्रकार.

डॉनी गातो आणि वुर्लिट्झर हा विजेवरचा पियानो वाजवतो. बास गिटारवर विली वीक्स, ड्रमवर फ्रेड व्हाइट, कोंगा या हाताने वाजवायच्या उंच ढोलावर अर्ल डेरुएन, गिटारवर माइक हॉवर्ड. त्याच्या जोडीला पहिल्या बाजूवर फिल अपचर्च, दुसऱ्या बाजूवर कॉर्नेल डुप्री. बस्स, एवढेच. ब्रास नाही, व्हायोलिनं नाहीत, मागे साथीला गाणाऱ्या बायका नाहीत. फ्रेड व्हाइट तेव्हा सोळा वर्षांचा होता! पुढे तो आपल्या थोरल्या भावाच्या, मॉरिस व्हाइटच्या 'अर्थ, विंड अँड फायर' या बँडमध्ये गेला. सोळाव्या वर्षी मुलाला हात आवरत नाही, जिथे जागा दिसेल तिथे तो काहीतरी भरतो. हा पोरगा अख्खी रेकॉर्डभर ठेका धरून बसतो आणि गाण्याला जेवढं हवं तेवढंच देतो.

आता ज्यासाठी धागा काढला ते. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं 'यूव्ह गॉट अ फ्रेंड'. मूळ गायिका-गीतकार कॅरोल किंगचं. १९७१च्या जुलैत जेम्स टेलरच्या आवाजात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं, आणि त्याच वर्षी डॉनीने गायिका रॉबर्टा फ्लॅकबरोबरही ते गायलं होतं. म्हणजे ऑगस्टमध्ये ट्रूबडूरमध्ये बसलेल्या प्रत्येकाला ते तोंडपाठ. पियानोचे पहिले काही सूर येतात आणि बायकांच्या बाजूने एक चीत्कार उठतो. नुसती ओळख पटल्याचा आनंद. मग धृपद येतं आणि सगळा क्लब गायला लागतो. डॉनी त्यांना थांबवत नाही, आवाज चढवून त्यांच्यावर मातही करत नाही. बाजूला सरकून जागा देतो, खाली पियानो धरून ठेवतो आणि त्यांच्या ओळींच्या मधल्या फटीत आपली एखादी हरकत घालून परत गप्प होतो. लोक सुरात आहेत! काही शे अनोळखी माणसं, तालीम नाही, आणि कोरस सुरात.

मी बऱ्याच लाइव्ह रेकॉर्डी ऐकल्या आहेत. बहुतेकांमध्ये लोकांचा आवाज गाण्याच्या आधी आणि नंतर येतो, हाराला गोंडा लावावा तसा. इथे तो गाण्याच्या आत आहे. हा आवाज काढून टाका, रेकॉर्ड अर्धी होईल. माझ्या मते सोलमधली ही सर्वोत्तम लाइव्ह रेकॉर्ड आहे आणि त्याचं अर्धं श्रेय त्या दोन क्लबांतल्या श्रोत्यांचं.

माझी प्रत चोरबाजारातली. कव्हर पाणी लागून फुगलेलं, आणि 'जेलस गाय'ला सुरुवातीपासून एक बारीक टक्‌ टक्‌ येते. आता ती टक्‌ नसलेलं गाणं ऐकलं तर चुकल्यासारखं वाटतं.

मीनाक्षी_डोंबिवली

+१. एवढंच लिहायला लॉगिन केलं. 'यूव्ह गॉट अ फ्रेंड'ला माझे डोळे दर वेळी भरून येतात, आणि ते रडणं दुःखाचं नसतं.

संवादिनी

तबकडीदादा, किती मनापासून लिहिलंत. मी पेटी वाजवते, म्हणून त्या वुर्लिट्झरबद्दल थोडं.

या पियानोत तारा नसतात. आत पोलादाच्या लहान लहान पट्ट्या असतात, रीडच म्हणा ना, आणि बोटाखालची काळी-पांढरी पट्टी दाबली की नमद्याचा छोटा हातोडा त्या रीडवर बसतो. आपल्या पेटीत रीड पितळेचं आणि ते हवेवर बोलतं. तिथे पोलादाचं आणि ते ठोक्यावर बोलतं. नातं दूरचं, पण घराणं रीडचंच. म्हणून की काय, मला तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हाच ओळखीचा वाटला होता. हळू वाजवलं तर घंटीसारखा गोल, जोरात मारलं की गुरगुरतो. 'व्हॉट्स गोइन ऑन'मध्ये डॉनी ही गुरगुर मुद्दाम वापरतो. गाताना बोटं मऊ, आणि आवाज थांबला की उजवा हात एकदम टणक. गळा आणि हात एकमेकांना जागा कशी देतात ते ऐका. स्वतःचीच साथ करणाऱ्याला ही गोष्ट फार जड जाते. मी अजून शिकतेय.

ते गाणं मार्व्हिन गेचं, १९७१च्या जानेवारीत आलेलं. मूळ गाणं ढगावर बसल्यासारखं तरंगतं. डॉनीने त्याचे पाय जमिनीला टेकवले. मूळ गाणं मला प्रिय आहेच, पण रोजच्या जेवणासारखं मी हे ऐकते.

श्रोत्यांचं तुम्ही लिहिलंत, त्यामागे गॉस्पेल आहे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं भक्तिसंगीत. डॉनी शिकागोत जन्मला, १९४५ साली, पण वाढला सेंट लुइसमध्ये आजीकडे. आजी मार्था पिट्स चर्चमध्ये गायची. तीन-चार वर्षांचा असल्यापासून तिने त्याला बरोबर नेलं, आणि 'डॉनी पिट्स' या नावाने लहानगा गॉस्पेल गायक म्हणून तो युकुलेली, म्हणजे छोटी गिटारच, घेऊन उभा राहायचा. त्या चर्चमध्ये गाणारा आणि ऐकणारा असे दोन गट नसतातच. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. भजनात बुवा पहिली ओळ म्हणतात आणि मंडळ ती उचलतं, अगदी तसं. ज्याचं लहानपण यात गेलं त्याला क्लबमधले लोक गायला लागले याचं नवल कसं वाटेल?

दादरा

रेकॉर्ड चांगलीच आहे, पण 'सर्वोत्तम' म्हणताय तर जेम्स ब्राउनच्या 'लाइव्ह अ‍ॅट द अपोलो'चं काय करायचं? २४ ऑक्टोबर १९६२, हार्लेमचं अपोलो थिएटर. लाइव्ह रेकॉर्ड कोण घेणार म्हणून कंपनीच्या मालकाने, सिड नेथनने, पैसे द्यायला नकार दिला, तेव्हा ब्राउनने स्वतःच्या खिशातून खर्च केला. १९६३ मध्ये बाहेर पडली आणि वर्षाहून जास्त काळ बिलबोर्डच्या यादीत राहिली. त्या रेकॉर्डवरच्या बायका किंचाळतात ना, त्यांना तो एका बोटावर नाचवतो. श्वास घ्यायला जागा नाही. एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू.

आणि सॅम कुक विसरू नका. मायामीचा हार्लेम स्क्वेअर क्लब, जानेवारी १९६३. ही रेकॉर्ड बाहेर यायला १९८५ साल उजाडलं, तोवर सॅम कुक जाऊन वीस वर्षं झाली होती. त्या रात्रीचा त्याचा घोगरा आवाज ऐकल्यावर रेडिओवरचा गुळगुळीत सॅम कुक वेगळाच माणूस वाटतो.

हॅथवे मला यांच्यापुढे मवाळ वाटतो. फंक म्हणावं इतका घाम यात कुठे आहे?

जुनी_तबकडी

@दादरा, अपोलोला माझा साष्टांग नमस्कार आहे. पण तुम्हीच लिहिलंत की तो लोकांना नाचवतो. सूत्रं त्याच्या हातात आहेत. बिटर एंडमध्ये सूत्रं कुणाच्याच हातात नाहीत, आणि मला ते जास्त आवडतं. घामाबद्दल म्हणाल तर शेवटचं गाणं परत ऐका, 'व्हॉइसेस इनसाइड'. तेरा मिनिटांच्या वर आहे. मवाळ शब्द परत घ्याल.

खर्जातला_सा

मडगावहून लिहितोय. बास वाजवतो, लग्नांत, हॉटेलांत, सणाला चर्चमध्ये. दादराभाऊ, 'व्हॉइसेस इनसाइड'चा विषय निघालाच आहे तर मला बोलू द्या, कारण त्या गाण्यातला विली वीक्सचा सोलो म्हणजे आम्हा बासवाल्यांची मुंज आहे. तो बसवल्याशिवाय कुणी कुणाला बासवाला म्हणत नाही.

गाण्याची रचना अशी. एक छोटी बासची चाल, तीच परत परत. त्यावर डॉनी एकेकाचं नाव घेऊन त्याला पुढे बोलावतो. आधी गिटारवाले वाजवतात. मग विली वीक्सची ओळख करून देताना तो सांगतो की देशात याच्यासारखा बासवाला नाही. भर क्लबमध्ये असं सांगितल्यावर माझ्यासारख्याने काय केलं असतं? सगळी बोटं एकदम सोडली असती, जेवढं येतं तेवढं पहिल्या दहा सेकंदांत ओतलं असतं.

वीक्स जवळजवळ काहीच वाजवत नाही. दोन सूर, मग थांबा. परत दोन, त्यातला एक किंचित ओढलेला. बाकीचे हळू होतात, ड्रम आणि कोंगा खाली नुसते चालत राहतात. इतकं कमी की तुम्हाला पुढे वाकावंच लागतं. क्लबमधली माणसंही वाकलेली ऐकू येतात. मी खरंच सांगतो, शांतता बदलते. मग तो एक चाल पकडतो, ती वळवतो, वरच्या पट्टीत नेतो, आणि पुढे दोन-दोन तारा एकदम छेडून बासवर भरीव सूर काढायला लागतो. तिथे लोक फुटतात. प्रत्येक वळणाला वेगळी आरोळी. तो पुढचं वाक्य त्या आरोळीच्या नंतर टाकतो, आधी नाही. ऐकतोय तो, लोकांना.

मी हा सोलो सतराव्या वर्षी बसवायला घेतला. पपांकडे कॅसेट होती, कुणी जहाजावरच्या माणसाने भरून आणलेली. सगळे सूर दोन महिन्यांत आले. वाजवून दाखवला. पपा म्हणाले, "सूर आले रे, थांबे नाही आले." ते स्वतः बँडमध्ये डबल बास वाजवायचे. आज मी बेचाळीस वर्षांचा आहे, थांबे अजून बसवतोय.

नवशिका_कान

सर्वांना नमस्कार. मी नाट्यसंगीत आणि जुनी हिंदी गाणी ऐकणारा माणूस. हा धागा वाचून काल पहिल्यांदा ही रेकॉर्ड ऐकली. छान वाटलं, पण काही शंका आहेत. फंक आणि सोल यात फरक काय? आणि 'द घेटो' हे बारा मिनिटांचं गाणं, त्यात शब्द जवळपास नाहीतच. त्याचा अर्थ कसा लावायचा?

जुनी_तबकडी

@नवशिका_कान, स्वागत! शंका विचारल्यात ते फार बरं केलंत.

सोल म्हणजे थोडक्यात गॉस्पेलची गायकी चर्चबाहेर आली आणि देवाच्या जागी माणूस आला. फंकमध्ये गाण्यापेक्षा लय मोठी. प्रत्येक वाद्य, गिटारसुद्धा, तालवाद्यासारखं वाजतं आणि वजन पहिल्या मात्रेवर. तुम्हाला सम माहीत आहे, मग अर्धं काम झालं. सगळे आपापल्या वाटेने फिरून पहिल्या मात्रेवर भेटतात. या रेकॉर्डवर दोन्ही आहे, वरती सोल आणि खालती फंक.

एक गंमत टाळ्यांची. आपण टाळी समेला देतो. ही मंडळी टाळी देतात ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. घरी करून पाहा. चार मोजा, एक आणि तीनला पाय, दोन आणि चारला टाळी. मला जमायला आठवडा लागला, पण जमल्यावर रेकॉर्ड वेगळीच ऐकू आली.

'द घेटो' डॉनीने लिरॉय हटसनबरोबर लिहिलं. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात दोघे एका खोलीत राहायचे. स्टुडिओतलं मूळ १९७०चं. घेटो म्हणजे कृष्णवर्णीयांना जिथे दाटीवाटीने राहणं भाग पडलं त्या वस्त्या. डॉनी स्वतः सेंट लुइसच्या कार स्क्वेअर या सरकारी चाळींत वाढला. तो या गाण्यात वस्तीबद्दल तक्रार सांगत नाही की भाषण करत नाही. एक शब्द घेतो आणि त्याभोवती बारा मिनिटं वस्ती उभी करतो. पियानोवरचा त्याचा लांब फेरा, मग अर्ल डेरुएनचा कोंगा. तळवा, बोटांची टोकं, आणि मधेच उघडा पंजा. शेवटी तोच एक शब्द सगळ्या क्लबच्या तोंडी. शब्द कमी आहेत कारण बाकीचं सांगायला माणसं हजर आहेत, असं मला वाटतं. आलापीत आपण अर्थ विचारत नाही ना, तसं ऐका.

हडसनकाठ

जर्सी सिटीत राहते, म्हणून बिटर एंडला बऱ्याचदा जाणं होतं. ब्लीकर स्ट्रीटवर अजून आहे. मंचामागे उघड्या विटांची भिंत, तीच त्या जागेची ओळख. पहिल्यांदा गेले तेव्हा आत शिरल्यावर मी नुसती उभीच राहिले. एवढीशी जागा! वेटर ट्रे घेऊन गेली की पहिल्या रांगेतल्यांना गुडघे वळवावे लागतात. विली वीक्सचा तो सोलो इथे, एवढ्या अंतरावर, माणसांनी ऐकला. खर्जातला_सा म्हणतात तसं लोक का ओरडतात, ते तिथे बसल्यावर कळतं. त्याची बोटं दिसत असणार.

दोन गोष्टी वर आल्या नाहीत म्हणून सांगते.

कर्टिस मेफील्डची 'कर्टिस/लाइव्ह!' याच क्लबमध्ये जानेवारी १९७१ला ध्वनिमुद्रित झाली. एका खोलीत एका वर्षात अशा दोन रेकॉर्डी! आणि हे दोघे एकमेकांना परके नव्हते. हॉवर्ड सोडल्यावर डॉनी शिकागोत मेफील्डच्या 'कर्टम' कंपनीत संगीत बांधणी करायचा. ज्यांना हॅथवे आवडला त्यांनी ती ऐकाच. मेफील्डचा आवाज शिडशिडीत, जवळजवळ कुजबुजणारा, तरी सगळी खोली त्याच्या मुठीत.

दुसरी गोष्ट किंग कर्टिसची. हा सॅक्सोफोनवाला, ज्याने डॉनीला अ‍ॅटलांटिक कंपनीपर्यंत (अ‍ॅटको तिचीच शाखा) पोचवलं. कॉर्नेल डुप्री त्याच्याच बँडचा गिटारवाला. मार्च १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला फिलमोर वेस्टमध्ये अरीथा फ्रँकलिनच्या मागे याच बँडने वाजवलं, आणि ती रेकॉर्डही अफाट आहे. १३ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या घरासमोर किंग कर्टिसचा भोसकून खून झाला. दोनच आठवड्यांनी ट्रूबडूरच्या रात्री आणि दोन महिन्यांनी बिटर एंडच्या. त्या दिवसांत त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण हे कळल्यापासून 'वुई आर स्टिल फ्रेंड्स' मला वेगळं लागतं. डुप्री त्यात किती कमी वाजवतो, आणि प्रत्येक सूर किती सांभाळून ठेवतो.

दादरा

किंग कर्टिसची तारीख माहीत होती, पण हे कधी जोडून पाहिलं नव्हतं. धन्यवाद ताई.

'व्हॉइसेस इनसाइड' तीनदा ऐकलं. मवाळ शब्द परत घेतो. अपोलो वरच ठेवतो.

पाऊलखूण

थोडं जड लिहितेय, चालेल ना?

डॉनीबद्दल कुठेही वाचायला गेलं की पहिली ओळ त्याच्या मृत्यूची असते. १३ जानेवारी १९७९, न्यूयॉर्कच्या एसेक्स हाउस हॉटेलच्या पंधराव्या मजल्यावरून पडून गेला, वय ३३. त्याला स्किझोफ्रेनिया होता, आणि त्याच दिवशी त्याने रॉबर्टा फ्लॅकबरोबर गाण्याचं काम केलं होतं. हे सगळं खरं आहे. पण मग लोक ही रेकॉर्डसुद्धा उलटी ऐकतात, शेवटाकडून. 'जेलस गाय' हे बीटल्सच्या जॉन लेननचं गाणं, मूळ रेकॉर्ड येऊन महिना-दीड महिनाच झालेला, तेव्हा डॉनीने हौसेने घेतलेलं. त्यातही लोक आजार शोधतात.

माझ्या धाकट्या भावाला हाच आजार आहे. चौदा वर्षं झाली. त्याला भेटायला येणारे त्याच्या प्रत्येक वाक्यात आजार शोधतात. तो "आमटी छान झालीये" म्हणाला तरी एकमेकांकडे बघतात. म्हणून मला ही रेकॉर्ड जपावीशी वाटते. यात एक पंचवीस-सव्वीस वर्षांचा माणूस भर उत्साहात, मित्रांबरोबर, आपलं काम करतोय आणि त्याला ते फार छान येतंय. 'हे गर्ल' ऐका. डेरुएनने लिहिलेलं हलकंफुलकं गाणं, त्यात डॉनी चक्क हसऱ्या गळ्याने गातो. भाऊ ते लावतो आणि टेबलावर बोटांनी कोंगा वाजवतो. मी पोळ्या लाटत असले तर लाटणं पोळपाटावर दोनला आणि चारला पडतं.

संवादिनी

पाऊलखूणताई, बरं झालं लिहिलंत. आज 'हे गर्ल' पहिल्यांदा मन लावून ऐकलं. इतकी वर्षं मी ते दोन मोठ्या गाण्यांच्या मधलं म्हणून सोडून देत होते.

त्याच्या मुलीबद्दल सांगते. लेला हॅथवे मोठी गायिका आहे. वडील गेले तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती. २०१५ मध्ये तिची लाइव्ह रेकॉर्ड आली, आणि ती तिने मुद्दाम ट्रूबडूरमध्येच केली. तिथे तिने वडिलांचं 'लिटल घेटो बॉय' गायलं आणि त्या गाण्याला २०१६ मध्ये ग्रॅमी मिळालं. तेच गाणं डॉक्टर ड्रेने १९९२ मध्ये आपल्या रॅपमध्ये वापरलं होतं, त्यामुळे पुण्यातली कॉलेजची पोरंही ते न ओळखता ओळखतात.

डॉनीचं ऐकून लगेच तिचं ऐका. ती नक्कल करत नाही. आवाज खर्जाकडे झुकलेला, जाड सायीसारखा. पण ओळ सोडताना शेवटचा सूर किंचित उशिरा खाली ठेवायची वडिलांची लकब तिच्या गळ्यात आहे.

जुनी_तबकडी

एक राहिलं होतं. या रेकॉर्डचा निर्माता आरिफ मार्डिन, इस्तंबूलमध्ये जन्मलेला. खूप वर्षांनी, २००२ मध्ये, पंडित रविशंकरांची मुलगी नोरा जोन्स हिची पहिली रेकॉर्डही त्यानेच केली. ज्यांच्या घरी ती सीडी आहे त्यांनी ती काढून ऐका. आवाजाच्या भोवती मोकळी हवा ठेवायची त्याची पद्धत दोन्हीकडे ओळखू येते.

हडसनकाठ

माझ्याकडे काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतलेली आहे ती! दुकान २०१६ला बंद झालं, पिशवी अजून जपून ठेवली आहे.

नवशिका_कान

परत आलो. दोन आणि चारची टाळी पाचव्या दिवशी जमली. बायकोने विचारलं, हे काय चाललंय, तर तिला बसवलं आणि आता तिचीही जमली.

काल रात्री हेडफोन लावून 'व्हॉइसेस इनसाइड' ऐकत होतो. वीक्सचा सोलो वर चढत जातो तिथे डावीकडून एक माणूस ओरडतो. शब्द नाहीत, नुसता आवाज, पोटातून आलेला. मी तो तुकडा आठ-दहा वेळा मागे नेऊन ऐकला. माझे काका सवाईला वसंतरावांच्या एका तानेला असेच ओरडले होते, मी लहान होतो, शेजारी बसलो होतो आणि दचकलो होतो. काका एरवी फार कमी बोलायचे.

खर्जातला_सा, तुम्हालाही ऐकू येतो का तो माणूस? का माझ्याच हेडफोनमध्ये डावीकडे येतो?